सत्यशीलेच्या घरचं पाणी

आमच्या शरदिनी सोसायटीच्या गच्चीवर दुपारी दोनच्या सुमाराला गेलं, की आपण जागे आहोत की डोळा लागलाय हे आपलं आपल्यालाच कळत नसे. गच्चीभर दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर साड्यांचे फॉल वाळत घातलेले. चार-चार बोटं रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या. मोरपंखी, आमसुली, अबोली, राणी, शेवाळी, चिंतामणी. वारा सुटला की सगळ्या एका बाजूला झुकत, जरा थबकत, आणि काहीतरी विसरल्यासारख्या हळूच माघारी येत. खाली सतरंजीवर पाच वर्षांची राजनंदिनी उताणी पडलेली असे. पट्ट्यांमधून गाळून आलेलं ऊन तिच्या तोंडावरून सरकत जाई. आत्ता गाल गुलाबी, आत्ता कपाळ हिरवं. हात वर करून ती रंग धरायला बघायची आणि खुदकन हसायची. तिचं बोलणं पाच-सात शब्दांपुढे गेलं नव्हतं. भिंतीला धरून चालायची, तेही चांगल्या दिवशी. पण हसणं मात्र पुरेपूर होतं.

ह्या रंगांची मालकीण म्हणजे तिची आई, सत्यशीला. परभणीकडची. वय तिशीच्या आत, अंगाने काटकुळी, बोलणं कमी आणि हात चालू. फॉल-बिडिंग करायची. नवा फॉल आधी भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या निऱ्या रुसून बसतात. हे कष्ट पेठेतले दुकानदारसुद्धा टाळतात. सत्यशीला टाळत नसे. तिचा आणखी एक गुण असा, की साडी एकदा नजरेखालून गेली की रंग डोक्यात बसायचा. दुकानात साडी न नेता त्याच रंगाचा फॉल घेऊन यायची. आमच्या वासंतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हे खोटं वाटलं. तिने मुद्दाम चिंचेच्या टरफलासारख्या कुठल्याशा रंगाची साडी दाखवून लगेच काढून घेतली. सत्यशीलेने तिसऱ्या दिवशी फॉल आणला. वासंतीने खिडकीत नेऊन, दिव्याखाली नेऊन, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "जमलाय बऱ्यापैकी." ज्यांना आमचं घर माहीत आहे त्यांना कळेल, की ही सोन्याच्या पदकाच्या वरची गोष्ट झाली.

हे दोन हजार तीन सालचं. कर्वेनगरात तेव्हा दर तिसऱ्या खिडकीत कॉम्प्युटर उजळायला लागला होता आणि दर दुसऱ्या बंगल्यात कॉटबेसिसवर मुली राहायला आल्या होत्या. आमच्या वरच्या मजल्यावरची नीरजा त्यांतलीच. वर्षभर जीन्स, आणि ऑफिसात 'सारी डे' निघाला की आदल्या दिवशी आईची पैठणी घेऊन गच्चीवर धावत. "मावशी, प्लीज, उद्या सकाळी सातपर्यंत!" सत्यशीलेचा नवरा नागोराव ह्याच मुलामुलींना कंपनीच्या बसमधून हिंजवडीला पोचवायचा. पहाटे निघायचा, दुपारी पंपापुरता घरी डोकावायचा, आणि अंधार पडल्यावर परतायचा. सोसायटीचा पाण्याचा पंप तो सांभाळायचा, म्हणून गच्चीवरच्या दोन खोल्या त्याला कमी भाड्यात मिळाल्या होत्या. पंप एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशिरा सुरू झाला, तर खाली आमचे सभासद असे काही बोलत, की जणू मुठेचा प्रवाहच त्याने अडवलाय.

आता मूळ गोष्ट. राजनंदिनी साडेपाच महिन्यांची असताना तिला त्रिगुणी लशीचा तिसरा डोस द्यायचा होता. डॉक्टर कोण चांगले, असं नागोरावाने मला विचारलं. फुकट सल्ला देण्यात मी पिढीजात. मी सांगितलं, शनिवार पेठेत अवधूत खांबेटे. लहानपणी आमच्या शेजारी राहायचा, हात हलका, जीभ जड. ते गेले. लस टोचून घरी आले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोरीला पहिली आकडी आली. मग आकड्या येतच राहिल्या. अवधूत म्हणाला, हे लशीमुळे नाही, हा आजार आतून यायचाच होता, लस त्या सुमाराला पडली इतकंच. मोठ्या इस्पितळातले मेंदूचे डॉक्टर म्हणाले, असूही शकतं, नसूही शकतं, छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. आईबापांनी 'असूही' धरलं, डॉक्टरने 'नसूही' धरलं, आणि प्रकरण ग्राहक मंचात गेलं. तीन वर्षं तारखा पडल्या.

त्यांच्या बाजूने जयसिंग नावाचे तरुण वकील होते, त्यांच्याच भागातले. डॉक्टरच्या बाजूने त्याच्या विमा कंपनीचे वकील. आणि त्या वर्षी आश्विनात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तडजोड पुढे आली. जयसिंग वकील कागद घेऊन गच्चीवर आले तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. माझे योगायोग वेळेवर येतात.

"वहिनी, असं बघा," वकील म्हणाले. "मोठी रक्कम राजनंदिनीच्या नावाने बँकेत राहील. तिच्या व्याजात औषधं, व्यायामाच्या बाई, आणि त्या खास शाळेचा खर्च निघतो. शाळेत जागा आहे, जूनपर्यंत थांबायला तयार आहेत. इथे लिहिलंय, की कोणत्याही पक्षाने दोष मान्य केलेला नाही. खाली तुमची दोघांची सही. येत्या गुरुवारी तारीख आहे, तोवर ही ऑफर. नाहीतर पुढे किती वर्षं, मी सांगू शकत नाही."

नागोरावाने लगेच खिशातलं पेन काढलं. सत्यशीला सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "सही करते. पर डॉक्टरसायबांनी आमच्या घरी येऊन पाणी प्यावं."

"काय?"

"पाणी प्यावं. मग सही."

वकील हसले. त्यांना ते कळलं होतं. त्यांच्याकडची रीतच आहे ती. बांधावरून भांडण होवो नाहीतर सोयरिकीवरून, मिटलं असं तोंडाने म्हणून मिटत नाही. समोरच्याने घरी यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, तांब्यातलं पाणी प्यायचं. मग मिटलं. पण विमा कंपनीच्या वकिलांना हे सांगितल्यावर ते फोनवरच ओरडले, "घरी भेट? म्हणजे कबुलीच की! डॉक्टर पाऊलसुद्धा टाकणार नाहीत तिकडे. बाईंना ऑफर हवी असेल तर घ्या म्हणावं, नसेल तर राहू द्या."

झालं. आमच्या सोसायटीला महिनाभराचा फराळ मिळाला. नीरजा म्हणाली, "मावशींचा इगो इश्यू आहे." तळमजल्यावरच्या वेणूबाई म्हणाल्या, "पाण्यासाठी लक्ष्मी परत पाठवते म्हणजे काय!" वासंती म्हणाली, "आपल्याकडे पाहुण्याला पाणी विचारायची पंचाईत, आणि ही बोलावून पाजते." नागोराव बिचारा दिवसेंदिवस वाळत चालला. बस चालवताना त्याला म्हणे समोरच्या काचेत शाळेचं फाटक दिसायचं. मी? मीही मानापमानाचंच धरून चाललो होतो आणि ते चार ठिकाणी रंगवून सांगितलंही होतं. खोटं कशाला बोलू?

रविवारी दुपारी मी गच्चीवर गेलो. नागोराव गावाकडच्या कोणाला आणायला स्टेशनवर गेलेला. पट्ट्या हलत होत्या, खाली राजनंदिनी झोपली होती, पापण्यांवर जांभळा उजेड. सत्यशीला दाराच्या उंबऱ्यात बसून टाके घालत होती. मी म्हटलं, "पोरी, तुला एवढा कसला मान हवाय? पोरीची शाळा जाईल ना हातची."

तिने हातातला टाका पुरा केला. मग सुई कापडात टोचून ठेवली.

"काका, मान न्हाई ओ. मला त्यांना एक सांगायचंय. तिथं मंचात शपथेवर उभं करून म्हणतेत, हो का न्हाई, एवढंच बोला. तसं सांगता येत न्हाई ते. घरात, पाणी पिल्यावर सांगायचंय."

"काय?"

"त्या दिवशी लेकराचं अंग कोमट होतं."

ती हळू हळू सांगत गेली. नागोरावाने अर्ध्या दिवसाची रजा काढलेली, ती पुन्हा मिळणार नव्हती. सकाळपासून बाळाचं अंग जरासं तापलेलं. डॉक्टरांना हे सांगायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. दोन बस बदलून दवाखान्यात पोचली. बाकावर बसली. समोर पाटी होती. ती दहावीपर्यंत शिकलेली, वाचली.

"माझ्यापाशी तीनच वाक्यं होती काका. कालच ताप उतरला, अंग जरासंच कोमट हाय, आन् आमी लई लांबून आलोत. तिन्ही त्या पाटीवर आधीच लिवलेली. खाली लिवलं होतं, ही वाक्यं हितं वापरून झाल्यात. मग मी काय बोलू? नर्सबाईनं विचारलं, ताप न्हाई ना? मी म्हणलं, न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी आली. मी तुम्हाला अक्षरश: सांगू शकतो: 'ताप, खोकला अथवा पुरळ असलेल्या मुलांस लस टोचली जाणार नाही. "कालच उतरला", "अंग जरासंच कोमट आहे", "फार लांबून आलो आहोत" ही वाक्ये येथे पूर्वी वापरून झाली आहेत.' सांगू शकतो, कारण ती मी लिहिली. शहात्तर साली, अवधूतने नवा दवाखाना थाटला तेव्हा. पांढऱ्या पत्र्यावर काळा ऑइलपेंट, अक्षर माझं, मजकूरही माझा. सदाशिव पेठेतून लोक वाचायला यायचे. मी कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपाशी उभा राहून त्यांची तोंडं बघायचो आणि मिशीत हसायचो.

पाटी कोणाची, ते मी तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "हे डॉक्टरला सांगितलंस, त्याने उद्या विम्याच्या वकिलाला सांगितलं, तर? दावा बुडाला ना!"

"बुडू द्या. पैसे घेऊन मग सांगितलं तर ती लबाडी. आधी सांगायचं. लेकराच्या औषधात खोटं मिसळून कसं पाजू? पाच वर्षं झाली, तिला आकडी आली की मला ती पाटी दिसती. मीच केलं का हे, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचंय. हो म्हणले तर हो."

"नागोरावाला ठाऊक आहे?"

"न्हाई. आन् काका, कोणाला बोलू नका."

मला सांगते, कोणाला बोलू नका! मांजरीला सांगावं दूध राख. पण त्या दिवशी मी खाली आलो, वासंतीने विचारलं, "काय म्हणते?" आणि मी म्हटलं, "फॉलला दोरा महाग झालाय." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या पोटात राहिलेली ही पहिली बातमी. रात्रभर मला पित्त झालं.

मंगळवारी दुपारी एकला, दवाखाना बंद होता होता, मी शनिवार पेठेत हजर झालो. अवधूत हात धूत होता. त्रेसष्ट वर्षांचा, पांढऱ्या भुवयांचा, मला बघून कधीही आनंद न होणारा.

"दादा, चहा झाला असेलच तुमचा."

"झालाय. तू चल माझ्याबरोबर. कर्वेनगरला."

त्याला समजलं. "वकिलांनी सक्त मना केलंय. मी तिथे गेलो म्हणजे चूक कबूल केली असा अर्थ होतो."

"तुला कबूल काही करायचं नाहीये. नुसतं ऐकायचंय. आयुष्यात कधी एखाद्या आईचं पूर्ण वाक्य ऐकलंयस का?"

तो टॉवेलने हात पुसत राहिला. तसाच. पुसून झाल्यावरही.

"ती मुलगी कशी आहे?" त्याने विचारलं. "तीन वर्षं फाइलीत वाचतोय. पाहिली नाही."

"येऊन बघ."

आम्ही रिक्षा केली. नदीवरून गेलो, डेक्कन मागे पडलं, कर्वे रोडच्या दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर क्लासच्या निळ्या-पिवळ्या पाट्या सरकत होत्या. कुठल्याही पाटीवर चेष्टा नव्हती. सगळ्या 'या, या' म्हणणाऱ्या. मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. झालो होतोच म्हणा, एकाहत्तरावं चालू होतं.

तीन जिने आणि वर गच्ची. अवधूत धापा टाकत दारातून बाहेर आला आणि रंगांच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी आणि हिरवं हलायला लागलं. राजनंदिनी सतरंजीवरून त्याच्याकडे बघत होती. तो सवयीने खाली बसला, तिच्या तळव्याला बोट लावलं, गुडघा वाकवून पाहिला, डोळ्यांपुढून बोट फिरवलं. तिने ते बोट धरलं. सोडलंच नाही.

सत्यशीलेने पदर सावरला. नागोराव बसवर होता. तिने आतून गुळाचा खडा वाटीत आणि तांब्या-पेला आणला. अवधूतने माझ्याकडे पाहिलं. विम्याच्या वकिलांचा आवाज त्याच्या कानात असणार, माझ्याही होता. मग त्याने मोकळ्या हाताने गूळ तोंडात टाकला आणि पेला एका दमात रिकामा केला. तीन जिने चढून आला होता, तहान खरीच लागली असेल.

मग तिने सांगितलं. मला सांगितलं तसंच, एक शब्द अधिक नाही की उणा नाही. पाटीवरची तीन वाक्यं, नर्सचा प्रश्न, आपलं 'न्हाई'. शेवटी म्हणाली, "मी खोटं बोलले सायेब. माझ्यानं झालं का?"

एक पट्टी दोरीवरून सुटून अवधूतच्या खांद्यावर येऊन पडली, तरी त्याला कळलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "अंग जरा कोमट असलं म्हणून आम्ही लस थांबवत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तरी मी दिलीच असती. बाई, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. लशीमुळे झालं असं मला आजही वाटत नाही, पण ते मला शपथेवर सांगता येत नाही, कोणालाच येत नाही. तुमचं मात्र शपथेवर सांगतो."

"मग पाटीवर..."

"पाटीवर आहे ते शास्त्र नाही हो. ते ह्या गृहस्थांचं साहित्य आहे." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "शहात्तर साली लिहून दिलंय. मला गंमत वाटली, मी लावलं. माणसं भिऊन खरं बोलायची थांबतील, हे मला सत्तावीस वर्षांत सुचलं नाही. आणि त्या दिवशी पोरीच्या कपाळाला मी स्वत: हात लावायला हवा होता. चाळीस मुलं होती. मी लावला नाही."

सत्यशीलेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. जिना अवधूतच्या पाठीमागे.

"काका? ती पाटी तुमी लिवली?"

"हो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. फॉलचा रंग पारखावा तशी.

"अक्षर लई चांगलं हाय," ती म्हणाली. मग आत जाऊन दुसरा पेला घेऊन आली आणि माझ्यापुढे गूळ ठेवला. "तुमी बी घ्या मग."

मला गुळाची मनाई आहे, साखर वाढलेली असते. मी खाल्ला. पाणी प्यालो.

सत्यशीला पुन्हा उंबऱ्यात बसून टाके घालायला लागली. राजनंदिनीने बोट सोडलं नव्हतं, त्यामुळे अवधूतला उठता येईना. तो भिंतीला टेकला, आणि थोड्या वेळाने त्याची मान कलली. मुलगीही पेंगली. वरून रंग जात येत होते, दोघांच्या तोंडावर सारखेच. खाली कुठेतरी एखादा कुकर, एखादी रिक्षा, आणि मध्येच ते सगळं बंद. शनिवार पेठेत चार वाजता बाकावर आया येऊन बसल्या असतील, डॉक्टर कुठे म्हणून चौकशा करत असतील. आम्ही त्याला उठवलं नाही. साडेचारला पंप सुरू करायला नागोराव आला. डॉक्टर आपल्या सतरंजीवर घोरताना पाहून त्याला वाटलं, आपल्यालाच झोप लागली आहे आणि आपण बसच्या स्टिअरिंगवर आहोत. घाबरून त्याने स्वत:ला चिमटा काढला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी सत्यशीलेने त्यालाही सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. माझ्याबद्दल ही अफवा वाटेल, पण खरं आहे.

अवधूतने विमा कंपनीच्या वकिलांना त्या दुपारबद्दल एवढंच कळवलं, की मी एका मित्राकडे गेलो होतो आणि तिथे पाणी प्यालो. त्यात कबुली शोधायची तर त्यांनी खुशाल शोधावी.

गुरुवारी मंचाच्या आवारात जयसिंग वकिलांनी कागद उघडून दोघांपुढे धरला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. "कोणत्याही पक्षाने दोष मान्य केलेला नाही," असं ते म्हणाले तेव्हा सत्यशीलेने त्यांना थांबवलं.

"हे तसंच राहणार का?"

"राहणार वहिनी. का? आता काय?"

"काई न्हाई. आमी तर वाटून घेतलाय."

"काय वाटून घेतलाय?"

नागोराव खाली बघत होता. अवधूत समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मी सोबतीला म्हणून गेलेलो, मी खोकलो. वकिलांनी आम्हा चौघांकडे आळीपाळीने पाहिलं, काही हाती लागेना तसं त्यांनी पेन पुढे केलं. सत्यशीलेने ठळक, गोल अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत कागद दोन बोटांनी धरून ठेवला आणि नागोरावाला म्हणाली, "चला बिगी. नीरजाताईची साडी उद्या द्यायचीय. फॉल अजून भिजतच पडलाय."